शकुनकाकीच्या सुपातला रोबो

लीलामावशीचा फोन आला तेव्हा मी पूर्वाचा डबा भरत होते. सकाळी अवेळी फोन वाजला की मी आधी देवाचं नाव घेते आणि मग फोनवरचं नाव बघते. लीलामावशी म्हणजे शकुनकाकीची धाकटी बहीण, नाकाडोंगरीची. थंडीपुरती बहिणीच्या सोबतीला सानगडीला येऊन राहिलेली. "वर्षा, बाई गेली वं..." एवढंच ती बोलली आणि पुढे नुसतं रडणं ऐकू आलं. रात्री नीट जेवून झोपलेली काकी सकाळी उठलीच नव्हती. काकी गेली हे धड आत उतरण्याआधीच मनात दुसरीच धास्ती उभी राहिली, की आता पूर्वाचं कसं होणार? माणूस गेल्यावर असला विचार सुचू नये म्हणतात, पण मला तोच सुचला. पूर्वा माझी मुलगी, नऊ वर्षांची. शकुनकाकी माझ्या नवऱ्याची सख्खी काकी. नातं म्हणाल तर चुलत सासूचं, पण गेल्या वर्षभरात माझ्या घरातला मोकळा श्वास जो काही होता तो तिच्यामुळे होता.

मी मुळातच धास्तीखोर. आमचं घर लाखनीत, हमरस्त्याला लागून. ट्रकचा हॉर्न जरा लांबला तरी मी पोरगी कुठे आहे ते बघून येते. 'मन चिंती ते वैरी न चिंती' ही म्हण माझ्यावरूनच पडली असावी, असं नवरा चिडवतो. आणि अशा बाईच्या पोटी पूर्वासारखी भित्री मुलगी. दुसरीत असताना वर्गात मोठ्याने धडा वाचताना तिचा एक शब्द अडकला, सगळा वर्ग हसला आणि त्या दिवसापासून तिचा आवाजच बसला. घरात कुजबुजल्यासारखं बोलायची, शाळेत तर तेवढंही नाही. सगळा दिवस नखं खायची. बोटांच्या टोकांना रक्त यायचं. मी कडुनिंबाचा रस लावून पाहिला, देवाला बोलून पाहिलं, भंडाऱ्याच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं. डॉक्टर म्हणाले, वेळ द्या. वेळ तर मी देतच होते, त्याबरोबर माझी काळजीही देत होते.

काकीकडे हे रोबो आले ते तिच्या मुलाकडून. प्रशांत पुण्याला नोकरी करायचा आणि सुटीच्या दिवशी खोलीत बसून प्लास्टिकचे रोबो जोडायचा. खोक्यात प्लास्टिकच्या चौकटी असतात, चौकटीला बारीक बारीक भाग चिकटलेले आणि प्रत्येक भागाशेजारी चौकटीवरच त्याचा नंबर. तो भाग तोडायचा, दुसऱ्यात दाबून बसवायचा. डिंक लागत नाही की स्क्रू लागत नाही. शेवटी वीतभर उंचीचा रोबो उभा राहतो. प्रशांत परदेशी गेला तेव्हा न उघडलेली खोकी आईच्या पलंगाखाली ठेवून गेला. काका वारले, काकी एकटी पडली आणि एका दुपारी, पोरगा एवढा कशापायी रमायचा ते पाहावं म्हणून तिने एक खोकं उघडलं. पहिल्या रोबोला तिने उजवा हात डावीकडे बसवला होता. तो तसाच तिने टीव्हीवर उभा केला आणि "हा आमचा डावखोऱ्या" म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. मग गल्लीतली पोरं येऊ लागली. दर रविवारी, काकीच्या भाषेत आयतवारी, दुपारी तिच्या पडवीत चटई पडायची, मध्ये धान पाखडायचं सूप. सगळं काम त्या सुपात. तीन बाजूंनी काठ असल्यामुळे तुकडा घरंगळून हरवत नाही, ही तिची युक्ती.

मी पूर्वाला तिथे पहिल्यांदा नेलं ते घाबरतच. मुलगी चारचौघांत बोलत नाही, नखं खाते, सगळं मी फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं. काकीने काय करावं? भाग तोडायला ती नेलकटरच वापरायची, तोच तिने पूर्वाच्या हातात दिला.

"काकी, लागेल तिला," मी म्हणाले आणि हात पुढे केला.

"वर्षा, हात मांडीवर ठेव," काकी म्हणाली. "मोठ्या माणसाचा हात आला का लेकराचा हात मागं जाते."

मग तिने पूर्वापुढे चित्रांची पुस्तिका उघडली. सगळी अक्षरं जपानी. पूर्वाने पुस्तिका बघितली आणि तिचे खांदे वर गेले. वाचायचं आहे असं तिला वाटलं, हे मला इतक्या लांबून कळलं.

"हे मले वाचता येत नाई, तुलेही येत नाई," काकी तिला म्हणाली. "तुह्या मायनं एवढं शिकून घेतलं, तिलेही येत नाई. चित्रं पाय अन् कर."

पूर्वा हसली. आवाज नाही आला, पण दात दिसले. मी हात मांडीखाली दाबून बसले होते, कारण ती भाग उलटा धरून दाबत होती आणि मला ते बघवत नव्हतं. उलटा बसलेला भाग काढायचा तर फटीत नख घालावं लागतं. पूर्वाला नखंच नव्हती. तिने खूप खटपट केली आणि मग काकीकडे पाहिलं. काकीने स्वतःच्या नखाने भाग सोडवून दिला. "नखं लागतात बापा याले," एवढंच म्हणाली. कडुनिंबाने जे झालं नाही ते त्या वाक्याने झालं. दिवाळीपर्यंत माझ्या मुलीच्या बोटांवर पांढऱ्या चंद्रकोरी दिसू लागल्या. रोज ती झोपली की मी हळूच तिचा हात उघडून बघायची.

काकीची आणखी एक रीत होती. पुस्तिकेत पहिलं चित्र डोक्याचं असायचं, नाहीतर छातीचं. काकी पानं उलटून पायांवर जायची. "पयले उभा तं राहू दे त्याले, डोस्कं मंग पाहू." पोरं हसायची, कारण कमरेवर काहीच नसलेले दोन पाय आठवडाभर टीव्हीवर उभे असायचे. त्या पायांशी पूर्वा बोलायची. आधी कुजबुजत, मग जरा मोठ्याने. शाळेतल्या बाईंनी एकदा सांगितलं, आज हजेरीला तिचा आवाज आला. मी रस्त्यातच रडले आणि लगेच घाबरले, की दृष्ट लागेल.

शेवटची भेट संक्रांतीच्या आसपासची. नवीन खोकं उघडलं होतं, पलंगाखालचं शेवटचं. काकीने आणि पूर्वाने पुस्तिका नुसती बघून घेतली, काही तोडलं नाही. सूप उचलून आत नेताना काकी दारात क्षणभर थांबली, चौकटीला टेकली. मी म्हटलं, "काकी, दम लागतोय का? साकोलीच्या डॉक्टरला दाखवून येऊ."

"मले काई नाई होत. तू काहून एवढी भेते वं?" ती म्हणाली आणि पूर्वाकडे वळली. "पुढच्या आयतवारी पाय करू."

जन्मभर मी नको तिथे घाबरत आले. त्या दिवशी घाबरले ते बरोबर घाबरले होते, आणि नेमकं त्याच दिवशी मला वाटलं, मी उगाच घाबरतेय...

तेरवीपर्यंत आम्ही सानगडीलाच होतो. पूर्वा रडली नाही. शकुनआजीच्या पलंगाजवळ बसून राहायची, आणि तिसऱ्या दिवशी तिचं बोट पुन्हा तोंडात गेलेलं मी पाहिलं. लीलामावशीनेही पाहिलं. मावशी प्रेमळ बाई. आमच्याकडे घरात पाहुणे जमले आणि कुणी शेंगांची टोपली मध्ये ठेवली की सांगावं लागत नाही, बोलता बोलता दहा हात सोलायला लागतात. कामाला हात लावणं हीच आपल्या माणसांची माया. मी चहा घेऊन पडवीत आले तेव्हा सगळ्या बाया गोल बसल्या होत्या. मध्ये काकीचं सूप. वालाच्या शेंगा सोलाव्यात तसे त्या शेवटच्या खोक्यातले सगळेच्या सगळे भाग चौकटींतून मोडून सुपात ढीग घातला होता.

"पोरीचं काम हलकं करून देल्लं," मावशी डोळे पुसत म्हणाली. "आता नुसतं जोडाचं राह्यलं."

"मावशी, चौकटी कुठे आहेत?"

"ते टरफलं? मागं जळणावर टाकले."

मी धावले. आंघोळीच्या पाण्याची चूल पेटायची होती, तुराट्यांवर चौकटी पडल्या होत्या. सगळ्या गोळा करून आणल्या. पण नंबर चौकटीवर आणि भाग सुपात, कोणता कुठला ते देवालाही सांगता आलं नसतं. पूर्वा दारात उभी होती. तिने सूप पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि आत जाऊन दाराआड बसली. मावशीला आपली चूक कळलीही नव्हती आणि कळवून उपयोगही नव्हता.

आज या गोष्टीला काही आठवडे झाले. सूप मी लाखनीला आणलं, वर फडकं बांधून कपाटावर ठेवलं. पूर्वा त्याच्याकडे बघायची नाही. शाळेतून पुन्हा निरोप आला, की बोलत नाही. चंद्रकोरी गेल्या. रोज तिचा हात उघडून बघायची माझी सवय मीच बंद केली, कारण बघून रात्र जायची नाही. वर्षभरात काकीने जे उभं केलं ते आपल्या डोळ्यांदेखत खाली बसतंय, आणि मी कडुनिंब शोधतेय, असं वाटायचं.

परवा रविवारी दुपारी भांडी आवरून खोलीत आले तर स्टूल कपाटापाशी होतं आणि सूप जमिनीवर. पूर्वा मांडी घालून बसली होती. एका हातात रिकामी चौकट, दुसऱ्यात एक तुकडा. चौकटीवर तुटल्याचे बारीक खुंट असतात. तुकडा ती एकेका खुंटापाशी लावून बघत होती. जुळला नाही की पुढच्या खुंटाला. जुळला की नंबर बघायची, पुस्तिकेत शोधायची आणि तुकडा फरशीवर वेगळा ठेवायची. पुस्तिका पायांच्या पानावर उघडी होती. एक पाऊल तयारही झालं होतं.

मी हळूच शेजारी बसले. ती एक राखाडी तुकडा चुकीच्या खुंटाला लावत होती. बरोबरची जागा मला समोर दिसत होती, दोन बोटांवर. ती पुन्हा चुकली. पुन्हा. तिचं बोट तोंडाकडे जाईल, आता जाईल, असं वाटून माझा हात आपोआप पुढे गेला.

"आई," ती म्हणाली. वर न बघता, पण चांगली मोठ्याने. "हात मांडीवर ठेव."

मी हात मांडीवर ठेवले.