वाघिणीने बदललेली पाळी

नूतन निमगडेच्या टेबलावर पाटी होती : ‘मनुष्यबळ विभाग प्रमुख’. विभागात प्रमुख सोडून दुसरं कुणीच नव्हतं, हे मात्र पाटीवर लिहिलेलं नव्हतं.

पोंभुर्ण्यापासून थोडं आत, जंगलाकडे पाठ करून उभा असलेला तो बांबूच्या काड्यांचा कारखाना. मशीन बांबू चिरून अगरबत्तीच्या काड्या पाडायचं, आणि शंभरावर बायका त्या निवडून, सारख्या करून जुड्या बांधायच्या. या बायकांची भरती, रजा, भांडणं, कॅन्टीनचं वरण, आजारपण, सगळं नूतनकडे. सहा वर्षं ती हे करत होती आणि बरं करत होती, असं तिचं तिलाच वाटत होतं.

तिच्या वडिलांना तसं वाटत नव्हतं. रामाजी निमगडे ऊर्जानगरच्या वीज केंद्रात तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. त्यातली वीस वर्षं युनियनमध्ये. मुलगी एमबीए झाली तेव्हा त्यांनी अख्ख्या कॉलनीत पेढे वाटले, आणि एचआर म्हणजे काय हे नीट कळल्यावर ते पेढे परत मागावेत असं त्यांना वाटू लागलं.

“म्हंजे मालकाच्या बाजूनं बसनारी,” ते म्हणाले होते.

“मधात बसनारी, बाबा.”

“तीस वर्षं टेबलाच्या या बाजूनं बसलो मी. मधात कधी खुर्ची नाई दिसली मले.”

नूतनने तेव्हा हसून विषय बदलला. पण यंदाच्या मार्चमध्ये ती खुर्ची शोधायची वेळ तिच्यावर आली.

तो सोमवार होता. पाळी सकाळी सहाची. साडेसहा वाजून गेले तरी एकशे बारापैकी एकतीसच बायका आल्या होत्या. चिचटोला गावाची तर एकही नाही. आणि कारखान्यातल्या निम्म्याहून जास्त बायका चिचटोल्याच्याच. नूतन फाटकावर आली तर तिथे चौकीदार पोचू शर्टाची एक बाही नसलेल्या अवस्थेत उभा.

“पोचूभाऊ, हे काय झालं?”

“झाडावर अटकली, मॅडम.”

“बाही?”

“मी बी.” पोचूने पाण्याचा तांब्या एका दमात संपवला. “चिचटोल्याच्या नाल्यात वाघीन बसली हाये. दोन पिल्लं हायेत संगं. मी सायकल टाकली आन् मोहावर चढलो. थे गेली का मंग उतरलो. सायकल तिथीच हाये अजून. आनाले मी काई जात नाई, आताच सांगून ठेवतो.”

दहाच्या सुमाराला वनरक्षक स्वाती येऊन गेली. पोचूचं खरं होतं. पिल्लं लहान होती, त्यामुळे वाघीण महिना-दोन महिने तरी हलणार नव्हती. नाल्याशी ट्रॅप कॅमेरे लावले होते, गावात दवंडी दिली होती, आणि पहाटे-संध्याकाळी त्या वाटेने कुणीही जायचं नव्हतं. वाट तर तीच एक.

नूतनने नागपूरच्या मुख्य कार्यालयात कळवलं. तासाभरात तिथून संगणकावर एक फॉर्म आला. ‘संकटाचा प्रकार : महामारी, पूर, आग, इतर.’ नूतनने ‘इतर’वर खूण केली आणि पुढे लिहिलं, ‘वाघीण, पिल्लं दोन’. ‘संकट किती दिवस चालेल?’ ‘पिल्लं मोठी होईपर्यंत.’ ‘संकटाचे मूळ कारण?’ इथे ती थोडी थबकली. मग तिने लिहिलं, ‘जंगल.’

दुपारी नागपूरचे साहेब व्हिडिओ कॉलवर आले. भला माणूस. एसीच्या हवेत त्यांचे केस हलत होते.

“नूतन, घाबरू नका. करोनात आपण काय केलं? वर्क फ्रॉम होम. तेच करा.”

“सर, त्या काड्या निवडतात.”

“मग घरून निवडू देत.”

साहेब हे बहुधा विनोदाने म्हणाले होते, कारण नंतर ते स्वतःच हसले. नूतन हसली नाही. कॉल संपल्यावर ती समोरच्या काड्यांच्या ढिगाकडे बघत बसली. काडी निवडायला वीज लागत नाही, मशीन लागत नाही. लागतात दोन डोळे आणि दोन हात. ते चिचटोल्यातही होते.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती कारखान्याच्या बंदिस्त पिकअपमधून चिचटोल्याला गेली. समाजमंदिराच्या ओट्यावर बायका जमल्या. सगळ्यांच्या पुढे बुधरी कोडापे बसली होती. आठ वर्षांपूर्वी कारखाना सुरू झाला त्या दिवसापासून ती कामावर. काड्या हाताळून तिच्या बोटांच्या रेघा इतक्या पुसल्या होत्या, की हजेरीच्या अंगठा मशीनला ती रोज नव्याने अनोळखी वाटायची.

“जोहार, बुधरीबाई.”

“जोहार. बस, पोरी. पानी पी.” कारखान्यात ती नूतनला मॅडम म्हणायची. इथे ती तिच्या गावात होती.

नूतनने घरून काम करायची योजना सांगितली. बायकांनी ऐकून घेतली. मग बुधरी म्हणाली, “घरी काम देशीन, चांगलं हाये. पन लहान लेकरं, कोंबड्या, बकऱ्या. अर्ध्या काड्या बकरीच निवडन. मले एक सांग. सकायी सहा आन् संध्याकायी सहा, हा त्या वाघिनीचा फिराचा टाइम हाये. आमचा कामावर जावाचा टाइम बी तोच काऊन ठेवला?”

पाळीच्या वेळा नागपूरने ठरवल्या होत्या. तिथल्या सोसायटीच्या बागेत पहाटे सहाला लोक चालायला जातात, त्यामुळे सहाची वेळ चांगलीच असणार, असं कुणाला तरी वाटलं असावं.

“मंग कोनत्या टाइमाले यावं तुमी?”

“ऊन चढलं का थे सावलीत झोपते. नऊले निंगू, चारले परत. आन् पायी नाई. गाडी पाह्यजे.”

नूतनने तेच लिहून नागपूरला पाठवलं. उत्तर आलं : ‘कामगारांकडून लेखी मागणी आल्याखेरीज पाळीचे धोरण बदलता येत नाही.’

मग शनिवारी ती चंद्रपूरला घरी गेली. आई अंजनाबाई ज्वारीच्या भाकरी थापत होती. वडील पेपर वाचत होते. नूतनने घसा खाकरला.

“बाबा, मागणीपत्र कसं लिवतेत?”

पेपर हळूच खाली आला. “कोनाले द्याचं हाये?”

“मले.”

“कोन देऊन राह्यलं?”

“कोनीच नाई. म्हनून तर तुमाले इचारून राह्यली. माह्यावर मोर्चा आनाचा हाये, पन त्याईले सवय नाई.”

अंजनाबाईच्या हातातली भाकर तव्याच्या कडेवर पडली. रामाजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. वीस वर्षांत त्यांनी कितीतरी साहेबांना मागणीपत्रं दिली होती, पण कुठल्याही साहेबाने स्वतः येऊन ‘मला एक द्या’ असं म्हटलं नव्हतं. ते उठले, ट्रंकेतून जुनी फाईल काढली, आणि पुढचे तीन तास बाप-लेक जेवण विसरून बसले.

“इथी ‘विनंती’ लिवलं तू. विनंती नाई लिवाची. ‘मागणी’.”

“बाबा, साहेब घाबरतीन.”

“घाबराले पाह्यजे. थोडंसंच. आन् शेवटी लिव, ‘अन्यथा होणाऱ्या परिणामांस व्यवस्थापन जबाबदार राहील’.”

“परिणाम काय हाये पन?”

“थे त्याईले विचार करू दे ना!”

रामाजी इतके खुशीत आले, की पत्र संपल्यावर त्यांनी पोरीच्या पाठीवर थाप मारली आणि मग आठवण झाली तसं लगेच गंभीर तोंड करून म्हणाले, “मालकाची मानूस असूनही अक्षर चांगलं हाये तुहं.”

पत्र चिचटोल्यात वाचून दाखवलं गेलं. चौसष्ट बायकांनी सह्या आणि अंगठे केले. ते पत्र नूतनने नूतनच्याच नावाने स्वीकारलं, पोच दिली, आणि ‘मागण्या रास्त वाटतात’ असा शेरा मारून नागपूरला धाडलं. नागपुरात खळबळ उडाली. ‘ताबडतोब वाटाघाटी करा. आम्ही स्क्रीनवर हजर राहू.’

बुधवारी बारा वाजता कॅन्टीनमध्ये वाटाघाटी सुरू झाल्या. भिंतीवर पडद्यात साहेब. टेबलाच्या एका बाजूला नूतन, दुसऱ्या बाजूला बुधरी आणि चार बायका. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. नऊची पाळी, मंजूर. पिकअप, मंजूर. ज्यांना गाडीत जागा नाही त्यांना समाजमंदिरात बसून काम, बकऱ्यांना मज्जाव, मंजूर. इतके दिवस घरी बसलेल्यांची गैरहजेरी धरायची नाही, थोड्या कुरबुरीनंतर मंजूर. नूतन कागद आवरायला लागली.

“अजून एक हाये,” बुधरी म्हणाली.

पत्रात अजून काही नव्हतं. नूतनने डोळ्यांनी खूण केली. बुधरीने ती पाहिली आणि सरळ पडद्यावरच्या साहेबांकडे वळली.

“वाघीन आली काऊन, हे कोनी इचारलं नाई. मी सांगतो. कारखान्याच्या मांगं भिताडाबाहेर उष्टं टाकून राह्यले. भात, वरन, कोंबडीचे हाडं. त्याच्यावर रानडुक्कर येतेत, कुत्रे येतेत. वाघीन पिल्लं घेऊन बसली, तिले दारात डुक्कर भेटून राह्यलं. थे जाईन कायले? आधी उष्टं बंद करा.”

“हे कुणी टाकायला सांगितलं?” साहेबांनी विचारलं.

नूतनने आवरलेले कागद परत टेबलावर ठेवले. दिवाळीनंतर उष्ट्याचा खड्डा बुजवून त्यावर कर्मचाऱ्यांसाठी ‘विश्रांती कोपरा’ केला होता. दोन बाकं, एक जास्वंद. उष्टं तेवढं तात्पुरतं भिंतीबाहेर टाका, असं सांगितलं होतं. त्या तात्पुरत्याला आता पाच महिने झाले होते. आणि सांगणारी व्यक्ती टेबलाच्या अलीकडच्या बाजूला बसली होती. गप्प बसणं सोपं होतं. साहेबांना कधी कळलंही नसतं.

“मी सांगितलं, सर,” ती म्हणाली. “चूक माझी आहे. आजच बंद करते. आणि फॉर्ममध्ये मूळ कारण ‘जंगल’ लिहिलंय मी. ते खोडून ‘कॅन्टीन’ करते.”

पडद्यावरचे साहेब थोडा वेळ हललेच नाहीत. नेट अडकलं की साहेब, हे कुणाला कळेना. मग ते म्हणाले, “खोडू नका. सुधारित फॉर्म पाठवा.” आणि कॉल संपला.

बुधरी उठता उठता नूतनजवळ आली. “तुहं नाव नाई घेतलं मी.”

“मले समजलं, बाई.”

“तूच घेतलं. बरं केलं.”

त्या संध्याकाळपर्यंत नवा खड्डा खणला गेला, झाकणासकट. आणि दुसऱ्या दिवसापासून, कुणी न सांगता, नूतन रोज पहिल्या फेरीला पिकअपमध्ये बसू लागली. हजेरीचं अंगठा मशीन तिने बॅटरीवर चालवून गाडीतच ठेवलं होतं, म्हणजे गाडीत पाय ठेवला की पाळी सुरू.

तिसऱ्या आठवड्यात ते घडलं. सव्वानऊ वाजले होते. नाल्यावरच्या रपट्यापाशी, त्या ठेंगण्या पुलापाशी, ड्रायव्हरने ब्रेक दाबला. समोर रस्त्यावर, कडूनिंबाच्या सावलीत, वाघीण आडवी पसरली होती. एक पिल्लू तिच्या पोटावर चढत होतं, दुसरं घसरून पडत होतं. गाडीत चौदा बायका होत्या. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. काचा वर होत्या, जाळी भक्कम होती, स्वातीने शिकवल्याप्रमाणे कुणी हललं नाही.

अशात मागच्या बाकावरच्या सोमारीचा हात टेकला तो नेमका मशीनवर.

“थँक यू!” मशीन किंचाळलं.

वाघिणीने मान वळवली. दोन्ही कान पुढे.

सोमारीने घाबरून हात उचलला आणि परत तिथेच टेकवला. “प्लीज ट्राय अगेन!”

वाघीण उठून उभी राहिली. नूतन मशीनवर झडप घालणार तोच बुधरीने ते उचललं, लुगड्याच्या पदरात घट्ट गुंडाळलं आणि त्यावर बसली. आतून एकदा दबका आवाज आला, आणि नेमक्या त्या वेळी, आठ वर्षांत पहिल्यांदा, बुधरीला मशीनने ओळखलं की काय, अशी शंका नूतनच्या मनात येऊन गेली. तिला हसू फुटलं. भीतीत येतं तसं, थांबवता न येणारं. तिने तोंडात ओढणी कोंबली. शेजारच्या बाईने ते पाहिलं आणि तिनेही पदर कोंबला. बघता बघता पिकअपमध्ये चौदा बायका खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी काढत, आवाज न करता हसत होत्या.

वाघिणीने त्या हलणाऱ्या गाडीकडे एकदा नीट पाहिलं. मग पिल्लांना मागे घेऊन ती बांबूत शिरली, काही घाई नसल्यासारखी.

पुढे उष्टं बंद झालं तशी डुकरं पांगली. जूनच्या पहिल्या आठवड्यात स्वातीने कळवलं, की वाघीण पिल्लांसकट आठ-दहा किलोमीटर आतल्या जंगलात कॅमेऱ्यात दिसली आहे. चिचटोल्याची एक बकरी आणि एक गोऱ्हा गेला होता. माणूस एकही नाही. पोचूची सायकलही मिळाली, सीटवर दातांच्या खुणा असलेली. तो ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवू लागला.

नागपूरहून विचारणा झाली, की आता संकट टळलं आहे, तर सहाची पाळी परत सुरू करावी का? नूतनने आकडे पाठवले. नऊच्या पाळीत गैरहजेरी निम्म्याने कमी झाली होती आणि जुड्या वाढल्या होत्या, कारण बायका झोप पुरी करून, चुलीवरचं आटोपून येत होत्या. पाळी नऊचीच राहिली. साहेबांनी कुठल्याशा परिषदेत ‘लवचिक कार्यवेळ धोरण’ या विषयावर भाषण केलं. त्यात वाघिणीचा उल्लेख नव्हता.

बुधरी आणि त्या चार बायकांची समिती मात्र मोडली नाही. महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती कॅन्टीनमध्ये बसते. गेल्या बैठकीत बुधरीने विषय काढला, की मोहफुलं वेचायच्या दिवसांत अर्धी पाळी मिळावी. नूतन म्हणाली, हे जमणार नाही. बुधरी म्हणाली, जमेल. चर्चा दीड तास चालली, मधे दोनदा चहा झाला. मग नूतनने सगळं कागदावर उतरवलं, ‘विनंती’ खोडून ‘मागणी’ केलं, आणि नागपूरचा नंबर लावला.