सिंह बघायला नव्हे, लेकीला बघायला

बिरोबा आमचं कुलदैवत. त्याच्यावरचा विश्वास मला आईच्या दुधाबरोबरच मिळाला असेल. तरीही मधे काही दिवस मी त्याच्याशी बोलत नव्हते. सकाळी दिवा लावत होते, कपाळाला भंडारा लावत होते, पण तोंडातून शब्द काढत नव्हते. देवाशी अबोला धरणारी बाई आपण पहिल्यांदाच बघितली, असं आमच्या जाऊबाई म्हणाल्या. म्हणू देत. ज्याच्यावर हक्क असतो त्याच्यावरच रुसता येतं. पण त्या रुसण्याच्या तळाशी भीती होती, हेही खरं. माझ्या हट्टाची शिक्षा माझ्या लेकीला तर भोगावी लागणार नाही ना, ही ती भीती.

माझी लेक शीतल केनियात असते. जावई इस्लामपूरचे, साखर कारखान्यात केमिस्ट. इकडच्या कारखान्यातून तिकडच्या कारखान्यात गेले, आमच्या भागातली बरीच पोरं जातात तसे. लग्नानंतर तिला एकदा दिवस गेले होते, पण ते मूल राहिलं नाही. तेव्हा ती तिथं एकटी होती आणि मी इथं तासगावजवळ आमच्या बेदाण्याच्या शेडवर, फोन कानाला लावून. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण डॉक्टरांनी तिला विमानात बसायला साफ मनाई केली. तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मग माहेरानंच उठून तिच्याकडं जायचं, असं मी ठरवलं. जेजुरीच्या पलीकडं मी कधी गेले नव्हते. पण माझे वडील मेंढरं घेऊन पार कोकणापर्यंत जाऊन यायचे, ते कुणाला विचारून जायचे? मला वाटलं, पासपोर्ट हातात आला म्हणजे झालं.

तसं नव्हतं. इस्लामपूरला विमानाची तिकिटं काढून देणारा एक एजंट आहे, त्याच्याकडं आम्ही नवरा-बायको गेलो. काचेची केबिन, भिंतीवर विमानाचं चित्र, टेबलावर प्लास्टिकची फुलं. तो म्हणाला, "मावशी, तिथं आता आधीसारखा व्हिसा लागत न्हाई. मोबाइलवरनंच अर्ज करायचा. मंजूर झाला की कागद येतोय, तो दाखवून आत जायचं. थोड्या दिवसांसाठी जानाऱ्याला एवढंच बास." मला हायसं वाटलं. त्यानं माझा पासपोर्ट घेतला आणि टकाटक बटणं दाबायला लागला. जायचं कारण काय लिहिलंस, म्हणून मी विचारलं.

"पर्यटन," तो म्हणाला. "सिंह, हत्ती बघायला निघालाय असं लिवतो. हॉटेलचं बुकिंग दाखवू, मंजुरी आली की रद्द करून टाकू."

"सिंव्ह बघाय?" मी म्हटलं. "आरं, माझी लेक बाळंत व्हायला झालीया आन् मी सिंव्ह बघत फिरू व्हय?"

मग त्यानं समजावून सांगितलं. नातेवाइकांना भेटायला जाणाऱ्यांसाठी अर्जात वेगळा पर्याय आहे. पण त्याला जावयांचं बोलावण्याचं पत्र लागतं, शिवाय त्यांच्या तिथं राहून काम करायच्या परवान्याची प्रत. जावयांचा परवाना नेमका नूतनीकरणाला गेलेला, हातात नुसती पावती. पावती चालली तर चालली, नाहीतर अर्ज अडकणार. "कशाला डोक्याला ताप करून घेताय? सगळी असंच लिवत्यात." आमच्या ह्यांनी मान डोलावली. मीही गप्प बसले असते. खरंच बसले असते, कारण मला लेकीपर्यंत पोचायचं होतं आणि बाकी कशाशी देणंघेणं नव्हतं. पण शेवटी एका चौकोनात खूण करायला त्यानं बोट पुढं केलं, तेव्हा मी सहज विचारलं, ही खूण कशाची? त्यानं वाचून दाखवलं: वर लिहिलेलं सगळं खरं आहे, असं मी जाहीर करते.

माझा हात त्याच्या हातावर कधी पडला ते मलाच कळलं नाही. "थांब रं. ह्यो तर भंडारा उचलनंच झालं की."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या समाजात भांडण तुटेना झालं की बिरोबापुढचा भंडारा उचलायला लावतात. ती हळदीची चिमूट हातात घेऊन माणूस जे बोलेल ते शेवटचं. पुढं पंचही काही विचारत नाहीत. माझ्या वडलांना एकदा असंच विचारलं होतं, ही मेंढी तुझीच ना, उचल भंडारा. मेंढी बहुधा आमचीच होती. पण वडलांना शंभर टक्के खात्री नव्हती. त्यांनी हात मागं घेतला आणि मेंढी सोडून दिली. आई महिनाभर बोलत होती, आणि ते महिनाभर शांतपणे ऐकत होते.

एजंट हसला. "मावशी, मशीन हाय ते. मशीनला कसला आलाय भंडारा?"

"मशीन तुझं," मी म्हटलं, "हात माझा हाय."

मी पासपोर्ट उचलला आणि बाहेर आले. तासगावच्या एसटीत बसल्यावर ह्यांनी तिकिटं काढली. मग म्हणाले, "लेक मोठी का तुझा भंडारा मोठा, एवढं सांग मला."  तरी माघार घ्यावी असं मला वाटलं नाही. मी खिडकीबाहेर बघत राहिले. घरी कळल्यावर तर काय, शेडवर बेदाणा निवडणाऱ्या बायकांना आयताच विषय मिळाला. "हरिश्चंद्राची धाकटी भन आली बघा," असं म्हणून त्या मला जागा करून द्यायच्या. मीही ऐटीत जाऊन बसायची.

शीतलच्या फोननं मात्र माझी ऐट उतरली. तिला सगळं कळलं होतं. रडत म्हणाली, "आई, एक शब्द तर लिवायचाय. लिव की. काय बिघडतंय?"  तरी मी म्हटलं, "शीतल, तिथं मला कुनी इचारलं, का आलीस, तर मला दुसरं काय बोलाय येनार न्हाई. माझ्या तोंडावरच दिसंल. मग वाटंतनंच परत धाडली तर कुनाला बोल लावायचा?"  मग तिनंच तिच्या मोबाइलवरून अर्ज भरला. कारण, कुटुंबाची भेट. जावयांचं पत्र आणि ती पावती जोडली. शेवटच्या चौकोनाशी आल्यावर तिनं विचारलं, "करू खूण?" मी देव्हाऱ्यातला भंडारा मुठीत घेतला आणि म्हटलं, "कर."

त्यानंतर तो अर्ज जो थांबला तो थांबलाच. रोज उघडून बघितलं तर एकच उत्तर, तपासणी चालू आहे. एजंटकडून सिंह बघायला निघालेली माणसं सिंह बघून परतही आली. तिकडं शीतलचा रक्तदाब वाढायला लागला, आणि बाळंतपण तारखेच्या आधीही होईल असं डॉक्टर म्हणाले. घरात मला कुणी टाकून बोलेना, ते जास्त लागायचं. ह्याच दिवसांत मी बिरोबाशी बोलणं बंद केलं. मी तुझी लाज राखली, तुला माझी राखता येत नाही का, एवढंच मनात यायचं.

शेवटी एका सकाळी उठले, भाकरी बांधून घेतली आणि एकटीच आरेवाडीला, बिरोबाच्या ठाण्याला गेले. बनात गर्दी नव्हती. मी नारळ नेला नव्हता. पायरीवर डोकं ठेवलं नाही. समोर उभी राहिले आणि मोठ्यानंच बोलले, "बिरोबा, माझं काम म्या केलं. खरं लिवलं. आता पोचवायचं काम तुझं. न्हाई पोचवलंस तरी मी खोटं लिवनार न्हाई, ह्ये ध्यानात ठेव. पन तवा माझ्या हातनं तुला नारळ मिळायचा न्हाई." पुजारी बघतच राहिला.  मी बाहेर येऊन झाडाखाली बसले, भाकरी सोडली, आणि कितीतरी दिवसांनी मला भूक लागलीय हे माझ्या लक्षात आलं. छातीवरचं ओझं आत त्याच्यापुढंच राहिलं होतं. आता पोचणं न पोचणं माझ्या हातात नाही, हे मला त्या झाडाखाली खरोखर पटलं.

परतीच्या एसटीत जावयांचा फोन आला. "मामी, परवाना आला. अर्ज तपासणाऱ्यांना तीच प्रत हवी होती, आत्ताच पाठवली." आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत मंजुरीचा कागदही आला. योगायोग म्हणा. परवाना कधीतरी यायचाच होता, हे मलाही कळतं. मी वाद घालत नाही. जे ज्या क्रमानं घडलं, ते तेवढं सांगते.

तिकडं जायला लागणारी पिवळ्या तापाची लस पुण्याला जाऊन आधीच टोचून घेतली होती. नाव ऐकून आमचे हे, एजंटकडून आल्यापासून पहिल्यांदा, हसले होते. "पिवळ्या भंडाऱ्याची मानसं आपन, आपल्याला कसला पिवळा ताप!" मुंबईच्या विमानतळावर त्यांनीच माझ्या पासपोर्टाच्या पिशवीत भंडाऱ्याची पुडी घातली. लेक मोठी का भंडारा, हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

नैरोबीला उतरल्यावर रांगेत उभी राहिले. माझ्या पाळीला काचेमागं एक तरुण बाई होती, केसांच्या बारीक बारीक वेण्या घातलेली. तिनं कागद बघितला, संगणकात बघितलं आणि काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. तिनं पुन्हा विचारलं. त्यातला एकच शब्द ओळखीचा होता, हॉटेल. मी जोरात मान हलवली. "न्हाई. हॉटेल न्हाई. लेक." तिच्या कपाळाला आठी पडली. कुणालातरी बोलवायला ती खुर्चीतून उठली, आणि मला दिसलं की तिला सातवा-आठवा महिना असावा. मी जावयांच्या पत्रावर शीतलच्या नावावर बोट ठेवलं, आणि तेच बोट तिच्या पोटाकडं केलं. "लेक," मी म्हटलं, आणि दोन्ही हातांनी पाळणा हलवून दाखवला. ती थांबली. कागदावर पुन्हा नजर टाकली. कागदात जे होतं तेच माझ्या हातांत होतं. ती हसली आणि खाली बसली.

तिनं शिक्का मारायला पासपोर्ट उघडला तर पानं पिवळी. पिशवीतली पुडी सुटली होती.  तिनं बोटाला लागलेली ती पूड बघितली, माझ्याकडं बघितलं. मी माझ्या कपाळावर बोट टेकवलं. तिनं शिक्का मारला, आणि पासपोर्ट परत देताना त्याच बोटानं तिनं आपलं कपाळ पुसलं. तिला घाम आला असेल. पण आमच्या दोघींच्या कपाळाला बिरोबाचा भंडारा होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मी पोचले आणि त्याच आठवड्यात शीतल बाळंत झाली, तारखेच्या कितीतरी आधी. कळा सुरू झाल्या तेव्हा तिच्या मुठीत माझा हात होता. मुलगी झाली. नात माझ्या मांडीवर आली तेव्हा मी मोठ्यानं रडले.

मुदत संपत आली तशी शीतल माझा पदर सोडेना. जावई म्हणाले, "मामी, चार दिवस जास्त झाले तर कोण विचारतंय?" पोरगी नुकती कुठं हसायला लागली होती, माझ्या आवाजाकडं मान वळवायला लागली होती. राहावंसं मला किती वाटलं ते मी कुणाला सांगू! पण किती दिवस राहणार तेही त्याच अर्जात लिहिलेलं होतं, त्याच खुणेच्या वर. मी पिशवी भरली. नातीच्या कपाळाला चिमूटभर भंडारा लावला आणि निघाले. त्या दिवशी मला कळलं की जे खरं आपल्याला आत सोडतं, तेच वेळ झाल्यावर बाहेरही काढतं. दोन्ही वेळेला त्याचंच ऐकावं लागतं. माणसांपुढं मी वाकले नाही, त्याचा मला अभिमान आहे. पण तो नुसता माझा ताठा असता तर परत निघताना विमानतळावर माझे डोळे कोरडे राहिले असते; मी रडत निघाले, कारण शब्द बिरोबाला दिलेला होता.

घरी येऊन अंगावरची धूळ झटकली आणि पहिली आरेवाडीला गेले. या वेळी नारळ घेऊन. फोडला, आणि पायरीवर डोकं ठेवून म्हटलं, "आले रं बाबा परत. लिवलं हुतं तसं."