मीही तांबी बसवलीय

"मी स्वतः तांबी बसवलीय. बघा, काही होतंय का मला?" खारबावच्या आसपासच्या गावांत हे मी तोंड वर करून किती बायकांना सांगितलं, त्याची गणती नाही. अर्धं खरं होतं. बसवली होती. पण चार महिने अंगावरून इतकं जायला लागलं की आमच्याच डॉक्टरीणबाईंकडून काढून घेतली आणि गुपचूप गोळ्या चालू केल्या. भिवंडीतल्या एका लहानशा दवाखान्यात मी फिरतीवरची ताई होते. पाळणा लांबवायला बायकांना तांबीसाठी तयार करायचं हेच माझं काम, आणि ही थाप फार चालायची. मग कोण सोडतंय?

एका सुनेनं माझ्यावर विश्वास ठेवला. दोन पोरं, नवरा वडप्याला गोदामात कामाला, घरात सासू. त्यांच्याकडे बाहेर बसायचा रिवाज कडक. पाळी आली की चुलीला नाही, देवाला नाही, मागच्या पडवीत वेगळं बसायचं. आधी ती चार दिवसांत सुटायची. तांबी बसवल्यावर दहा-दहा दिवस. तेवढे दिवस सगळ्या घराचं सासूवर पडायचं आणि ती दिवसभर धुसफुसत राहायची.

"ताई, काढून टाका ना," सून म्हणाली.

"अगं, सवय होते. मला नाही का झाली?"

दवाखान्यानं तेव्हा एक फॉर्म दिला होता. तांबी, गोळ्या, निरोध, काय वापरता आणि किती समाधानी आहात. तिचा फॉर्म मी तिच्या सासूसमोरच भरायला घेतला. "बरं चाललंय ना?" विचारलं. सासू टक लावून बघत होती. सुनेनं मान हलवली आणि मी 'समाधानी'वर खूण केली. कळत का नव्हतं मला? सगळं कळत होतं.

त्याच सुमारास माझी नणंद परदेशातून आली. तिच्या दंडावर एक चौकोनी पट्टी चिकटवलेली दिसली. म्हटलं, लागलं की काय? तर म्हणाली, "अगं, दिवस राहू नयेत म्हणून असते. आठवड्याला बदलायची. गोळ्यांपेक्षा मला हीच बरी वाटते, रोज आठवण ठेवायला नको. कडेनं जरा खाज येते एवढंच."

"आणि नाहीच सोसली तर?"

"तर सोलून टाकायची. त्यात काय विचारायचं?"

मी हसले, पण ते मनात सलत राहिलं. हिला काढायला कुणाची परवानगी लागत नव्हती. त्या सुनेला माझी लागत होती. आणि मी ती देत नव्हते, कारण कुणाची तांबी काढली की महिन्याच्या बैठकीत मला बोलणी खावी लागायची. एवढं कळूनही मी पुढचा महिनाभर तिच्या गावाकडे फिरकले नाही. सांगायलाही लाज वाटते.

शेवटी गेले तेव्हा सासू अंबाडीला बाजाराला गेली होती आणि धाकट्या पोराला ताप होता. सून त्याला मांडीवर घेऊन बसली होती. हळूच म्हणाली, "ताई, गेले दोन म्हैने चार दिसांनी सुटले असं मी सासूला खोटंच सांगत आले. अंगावर जात असताना भाकऱ्या केल्या, देवाजवळ दिवा लावला. म्हणून तर पोर तापलंय." तापाचा त्याच्याशी काही संबंध नाही, असं मी परोपरीनं सांगितलं. तिला ते पटेना. ती रडतच राहिली.

दुसऱ्या दिवशी तिला आणि पोराला रिक्षात घालून दवाखान्यात आणलं. पोराला औषध मिळालं. तिची तांबी दोन मिनिटांत निघाली. एवढ्याशा कामासाठी मी तिला आठ महिने रखडवलं होतं. बाहेर बाकावर तिच्या शेजारी बसल्यावर मला राहवेना.

"मी पण काढलीय," मी म्हटलं. "चार महिन्यांतच काढली. मलाही असंच होत होतं. खोटं बोलले मी तुझ्याशी."

वाटलं, आता शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती पोराच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाली, "मला वाटायचं, तुमाला सोसतंय नि मलाच न्हाय. माझंच अंग नासकं हाय. सासूला बी मी तेच सांगितलं."