कापसातलं पुस्तक

नामांतराच्या त्या वर्षांत आमची शाळा कधी चालू, तर कधी बंद. बंद असली की मी रानात कापूस वेचायची आणि बाईंनी दिलेली कादंबरी चोरून वाचायची. तिच्यातल्या देशात बायकांना चपला घालायला बंदी होती, कारण पायात चपला असल्या की बाई लांब जाते. पळाली तर भर चौकात फटके. ते वाचून मी ढसाढसा रडायची.

गोष्टीची पुस्तकं हातात दिसली तर शाळा बंद आणि लग्न, असं वडलांनी बजावलं होतं. म्हणून मी पुस्तक माजघरातल्या कापसाच्या ढिगात खुपसून ठेवायची. मोठी अक्कल पाजळली! तो ढीग एक दिवस गाडीत भरला जाणार, हे काही डोक्यात आलं नाही.

मानवतच्या बाजारात व्यापाऱ्याच्या माणसानं गाडीत हात घातला आणि पुस्तक बाहेर काढलं. "वजनाला आता पोथ्या घालायलाव व्हय?" सगळे हसले.

वडील घरात शिरले ते चाबूक घेऊनच. "हे कापसात कुनी घातलं?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "म्या घातलं. वजन वाढावं म्हून. पोरीचं शाळंचं हाय, तिला काय ठावं न्हाई."

शाळेचं पुस्तक कोणतं आणि गोष्टीचं कोणतं, हे वडलांना वाचून कळणार नव्हतं. आईलाही अक्षर येत नव्हतं, पण नवऱ्याला कोणता गुन्हा पचतो हे पक्कं ठाऊक होतं. लेकीचं वाचणं त्यांनी कधीच माफ केलं नसतं. बायकोची लबाडी मारून मिटणारी होती.

त्यांनी मारलं. पाठीवर, मानेवर, आणि ती खाली बसली तेव्हा डोक्यावर धरलेल्या हातांवर, चाबकाच्या दांड्यानं. मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर दारात गप्प उभा. पुस्तकातल्या बाईसाठी रडणारी मी आईसाठी एक शब्द बोलले नाही. मला शाळा हवी होती. लाज वाटते, पण तेच खरं आहे.

दुसऱ्या दिवशी आईनं डाव्या हातानं भाकरी बांधून दिली. "जाय शाळंला. माझ्याकडं बगू नको."

मनगट वाकडंच राहिलं. वडील पुढं पुष्कळ वर्षं जगले आणि येईल त्या पाहुण्याला हसत सांगायचे, आमची बायको लय लबाड, कापसात पुस्तक घालती. आई चहा देता देता ऐकून घ्यायची. तोवर मी मास्तरीण झाले होते, कुणाच्या बापाला भीत नव्हते, आणि तरी एकदाही खरं बोलले नाही.