चोरवस्तीचा दगड

काल चिकलठाण्यात कुणी फरशी कापत होतं. जळक्या दगडाच्या भुकटीचा वास नाकात गेला आणि मी हर्सूलपलीकडच्या आमच्या खदानीत पोचले.

मी चौथीत होते. आम्हा दगडफोड्यांच्या वस्तीला पहिल्यांदाच नावाचा फलक मिळणार होता, म्हणून बापानं खदानीतला सगळ्यात देखणा दगड घडवला. घडवलेला दगड पूजेशिवाय हलवायचा नाही, ही आमची रीत. आईनं हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला, दगड रस्त्याकडेला उभा राहिला. मग कचेरीनं पाठवलेला कारागीर आला आणि त्यानं छिन्नीनं कोरलं : चोरवस्ती.

"आमच्यात चोर कोण हाय, साहेब?" बापानं विचारलं.

"मला काय ठाव? लोक हेच म्हणतेत," त्यानं छिन्नी पिशवीत टाकली.

चुलता घण घेऊन धावला. बाप आडवा झाला. "पूजलेला हाय रं! देवावर घण घालतो व्हय?"

तेव्हा बाप थोर वाटला. आज संताप येतो. शिवी त्यांची, दगड आमचा, पूजाही आमचीच. अर्ज झाले, मोर्चे झाले, दगड तिथंच आहे. जन्मभर डोंगर फोडणाऱ्या आमच्या लोकांच्यानं तेवढा एक फुटत नाही.