धरण उतरलं त्या वर्षी

नळाच्या रांगेत गंगुबाईच्या तोंडून ते निघून गेलं, आणि पुढचं सगळं त्यावरूनच झालं.

मे महिना. डोंबिवलीतल्या त्या बिल्डिंगीला पाणी दिवसाआड यायचं, तेही कधी येईल त्याचा नेम नाही. खालच्या नळाशी बायका कळशा मांडून बसलेल्या. कुणीतरी मोबाईलवर वाचून दाखवलं, धरण तळाला चाललंय, अजून कपात होणार. बायका हळहळल्या. गंगुबाईने मात्र हात जोडले. "अजून हातभर उतरू दे रे देवा."

तळमजल्यावरच्या तुळसाने कळशी आदळली. "ऐकलंत का गं? मुलगा पाणीखात्यात चावीवाला, गल्लोगल्ली व्हॉल्व्ह फिरवतो, आणि आई आमच्या घशाला कोरड मागते!"

गंगुबाईने आपली कळशी पुढे सरकवली. सांगायचं तर फार मागून सांगावं लागलं असतं.

मुरबाडच्या अंगाला जांभुळकोंडात ती नांदायला आली तेव्हा गावाची खालची आळी आधीच पाण्यात गेली होती. शहरं वाढली, कारखाने वाढले, तशी धरणाची भिंतही वाढत गेली, आणि गाव कौलं उतरवून डोंगराच्या अंगाने वर वर सरकत राहिलं. पहिल्यांदा मोजणीला आलेल्या साहेबांना तिच्या सासऱ्याने ताक पाजलं होतं. पुढे ते आठवलं की म्हातारा स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यायचा. वरच्या घरात गंगुबाईला पहिली मुलगी झाली. नाव ठेवायच्या आतच तापाने गेली. एवढ्या लहानग्याला जाळत नाहीत. परसात मोहाखाली पुरली. सासू म्हणाली, "रडणं पुरे, गोठा तसाच पडलाय." कुत्र्यांनी उकरू नये म्हणून गंगुबाईने मोडक्या जात्याचा खालचा दगड ओढत नेऊन वर ठेवला. त्याच्या कडेचा एक टवका उडालेला होता.

मग भिंत शेवटची उंच झाली आणि मोहासकट परस बुडालं. त्या वेळच्या मोजणीत माणसं धरली, गुरं धरली, झाडं धरली. मोहाखालची कुणी धरली नाही. घराला एक नोकरी मिळाली, ती मुलाला, साईनाथला.

आता एवढ्या वर्षांत पहिल्यांदा धरण इतकं उतरलं होतं. कुणी गावकरी फोनवर म्हणाला, परसं उघडी पडायला लागलीत.

संध्याकाळी तुळसाने जिन्यातच सुनेला गाठलं. प्रियांका घरात आली ती पेटूनच. "काय बोललात तुम्ही खाली? यांची नोकरी घालवायची आहे का?"

"मला फक्त एकदा गावाला जायचंय गं. पोरीपाशी जरा दूध ओतून येते."

"कुठली पोर?"

साईनाथने मोबाईलमधून डोकं काढलं नाही. "माझ्या आधी एक झालेली. लहानपणीच गेली. परसात पुरलीय."

"ई! परसात?" प्रियांकाने अंग चोरलं. "आई, असलं मसणातलं या घरात काढायचं नाही. सान्वी लहान आहे."

पण बुडालेलं गाव वर आलंय म्हटल्यावर नातीला, सान्वीला, तिथे रील करायचं होतं. रविवारी गाडी ठरली. चिकन, मसाला, पत्रावळ्या भरल्या गेल्या. गंगुबाई नवं लुगडं नेसून दाराशी येऊन उभी राहिली.

"तुम्ही कुठे?" प्रियांका म्हणाली. "आज पाणी येणार आहे. पिंप कोण भरणार?"

"तुळसाला सांगते ना."

"तुळसाला? परवा बोललात त्यानंतर? ती तुमच्या तोंडावर दार लावेल."

गंगुबाईने साईनाथकडे पाहिलं. तो गाडीची किल्ली शोधत होता. तिने दुधाची बाटली त्याच्या हातात दिली. "मोहाखाली ओत, बाबा. एवढं कर."

"हो गं, ओततो."

दिवसभर ती नळाशी बसून राहिली. कुठेतरी लाइन फुटली म्हणे, पाणी आलंच नाही.

दिवेलागणीला मंडळी परतली. साईनाथ धापा टाकत जिना चढला आणि त्याने एक जड गोल दगड बाथरूमच्या दाराशी टेकवला.

"दूध ओतलंस?" गंगुबाईने आधी तेच विचारलं.

"अगं, चहाला लागलं ते. तिथे दूध कुठून मिळणार?"

"हे बघा, आई!" प्रियांका आज खुशीत होती. "तोटीखाली बादली बसत नाही म्हणून रोज कुरकुरता ना? पिंपाखाली ठेवायला आणलाय. एका झाडाच्या बुंध्याशी पडला होता. आम्ही चुलीलाच लावला. काय चिकन झालं म्हणून सांगू! तेवढी काजळी काढा त्याची."

दगडाच्या मधोमध जात्याच्या आसाचं भोक होतं. कडेचा एक टवका उडालेला.

गंगुबाई वाकून त्या टवक्यावरून बोट फिरवायला लागली. प्रियांका थबकली. "काय हो? कुणाचा आहे का तो?"

गंगुबाईने सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. तीच ती, परवा 'ई' म्हणून अंग चोरणारी. आत्ता एक शब्द बोललं तर दगड रात्रीच्या आत कचऱ्याच्या ढिगावर गेला असता.

"कुणाचा नाही," ती म्हणाली.

मग तिने बाथरूममध्ये पाय लांब पसरले, दगड नडग्यांवर घेतला आणि स्वतःच्या पिण्याच्या तांब्यातलं पाणी थोडं थोडं घेत तळहाताने तो चोळायला लागली. कडेपासून मधोमध, पुन्हा कडेपासून मधोमध. तेलकट काजळी निघेना. टवक्यापाशी तिचा हात हळू झाला.

"अहो, पाणी!" बाहेरून प्रियांका ओरडली. "बाळ न्हाऊ घालताय का?"

साईनाथने रिकामं पिंप तिरकं केलं आणि दगड पायाने खाली सरकवला. सान्वीने तोटीखाली बादली ठेवून पाहिली. बरोबर बसली. तिने टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं. तुळसाने गंगुबाईला रांगेत शेवटी ढकललं. तिने एकेक कळशी जिन्याने वर आणली आणि पिंपात ओतली. पिंप जड होत गेलं, तसा दगड फरशीवर घट्ट बसत गेला.

"काठोकाठ भरा हं, आई," प्रियांका स्वयंपाकघरातून म्हणाली.

"भरते," गंगुबाई म्हणाली, आणि कळशी घेऊन पुन्हा खाली गेली.