शिशाचं अंगण

“दम धरा की पावणं! बॅटरी हाय ती, ओढली की यायला बकरी न्हवं!” ट्रकवाला कितीही घाईत असो, आमच्या शेजारचे चाचा त्याला असं दटावून स्टुलावर बसवायचे, वर चहा पाजायचे. सत्तर सालानंतरचं आमचं कोल्हापूर आठवा. जुन्या बॅटऱ्यांच्या प्लेटा वितळवून चाचा घरच्या अंगणातच शिसं पाडायचे. दोन घरांत भिंत एकच, त्यामुळं निम्मा धूर माझ्या स्वयंपाकघरात. मी भांडायची. “वहिनी, धुरानं डास मरत्यात की,” म्हणायचे. मेलं, डासांचं कौतुक!

त्यांना एकच पोर, आईविना वाढवलेली. गडहिंग्लजला दिली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज त्यांच्यातही आणि आमच्यातही. ती चार महिने आधीच आली, तेव्हा चाचांनी काय लाड केले म्हणता! मागेल ते पुढ्यात. पोरही गुणाची. भट्टीशेजारी पाट टाकून बापाशी गप्पा मारायची, त्यांचे राखाडी झालेले कपडे धुवायची.

बाळ झालं ते मुठीएवढं. दूध ओढायची ताकद नाही, मधूनच अंग थरथरायचं. मीच तेल लावायची, भीतभीत. महिनाही पुरा झाला नाही, गेलं.

त्यानंतर भट्टी पुन्हा पेटली नाही. चाचांनी अंगण खरवडलं, पोती भरभरून माती गावाबाहेर टाकली. का, ते कुणाला सांगेनात. तरी पाऊस पडून गेला की शिशाचे मणी वर दिसायचेच.

दुसऱ्या बाळंतपणाला पोर ट्रंक घेऊन रिक्षातून उतरली. चाचा उंबऱ्यात आडवे.

“हितं न्हाय. गारगोटीला माझ्या भनीकडं जा.”

“का, अब्बा?”

“न्हाय म्हंजे न्हाय!”

पोर रडत त्याच रिक्षानं परत फिरली. गल्लीनं नावं ठेवली. मी तर तोंडच सोडलं, “अहो, बाप आहात का कोण?”

तेव्हा चाचा माझ्या पायरीवर मटकन बसले. “त्या बारीला डाक्तरनं मला बाजूला घेतलं. घरात काम काय चालतंय म्हणाला. शिसं आईच्या रगतातनं बाळाला जातंय म्हणं, त्यानंच झालं आसंल. वहिनी, तिनं माझी कापडं धुतली. तिला कळलं तर सोताला खात बसंल. त्यापरीस माझा राग करू दे. तुमी बोलायचं न्हाय.”

मी शब्द दिला.

नात झाली, चांगली धडधाकट. चाचा नवा सदरा घालून गारगोटीला गेले, पण हात पाठीमागं बांधूनच उभे राहिले. “घ्या की, अब्बा.” घेतलं नाही. “पोरगी झाली म्हणून व्हय?” पोरीनं विचारलं. चाचा तसेच माघारी फिरले. “हातात शिसं मुरलंय, वहिनी, कसं घिऊ?” मला हे सांगताना ढसाढसा रडले.

त्यानंतर ती आली ती थेट चाचांच्या मयतीला. माणसं पांगली तशी माझ्याजवळ बसली. “काकी, माझ्या बापानं मला का तोडलं?”

शब्द दिला होता, पण त्या पोरीचं तोंड बघवेना. सगळं सांगून टाकलं.

मग एकदम तिची नजर अंगणाकडं गेली. तिची लेक तिथं मातीत बसून घर बांधत होती. ती धावली, लेकीला उचलून रस्त्यावर नेलं आणि पदरानं तिची बोटं पुसायला लागली. बोटं कधीच स्वच्छ झाली होती, तरी पुसतच राहिली.